नळी निघाल्यानंतरचे तीन दिवस: स्थूल रुग्णाच्या श्वासाला आधार कोणता?

आयसीयूतल्या रुग्णाची श्वासनलिकेतली नळी निघाली की बाहेर बसलेल्या नातेवाइकांच्या जिवात जीव येतो. आत डॉक्टरांची धाकधूक मात्र तेव्हाच सुरू होते. पुढचे दोन-तीन दिवस रुग्ण स्वतःच्या बळावर श्वास घेऊ शकेल, की नळी पुन्हा घालावी लागेल, हे त्या क्षणी कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. सर्वसाधारणपणे दहा ते वीस टक्के रुग्णांत नळी काढणे फसते, आणि ज्यांना ती पुन्हा घालावी लागते त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त असते.

रुग्ण स्थूल असेल तर हा प्रश्न आणखी अवघड होतो. नळी काढल्यावर अशा रुग्णाला साधा ऑक्सिजन पुरेल, की हाय फ्लो लावावा, की लगेच मास्क बांधून बायपॅप सुरू करावे? गेल्या वीस वर्षांत या एका निर्णयावर बरेच संशोधन झाले. काही गोष्टींवर एकमत झाले, काहींवर अजून नाही. आज हा वाद कुठे उभा आहे, ते क्रमाने पाहू.

स्थूल शरीरातला श्वास

आपण श्वास सोडतो तेव्हा फुफ्फुसे पूर्ण रिकामी होत नाहीत. काही हवा आत शिल्लक राहते आणि ती वायुकोश उघडे ठेवते. फुग्याला पहिली फुंक जड जाते, थोडा फुगलेला असेल तर पुढची सोपी जाते. शिल्लक हवेचा उपयोग तसाच. पोटावर आणि छातीवर चरबीचा भार असला की पडदा, म्हणजे डायफ्राम, वर ढकलला जातो आणि ही शिल्लक घटते. जोन्स आणि न्झेक्वू यांनी २००६ मध्ये केलेल्या अभ्यासात बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) ३० असलेल्यांमध्ये ही शिल्लक हवा बीएमआय २० असलेल्यांच्या ७५ टक्के भरली. साधा श्वास सोडल्यानंतर जोर लावून आणखी जी हवा बाहेर टाकता येते, ती तर ४७ टक्क्यांवर आली होती. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली: ही घसरण सर्वांत वेगाने होते ती जादा वजनाच्या आणि सौम्य स्थूलतेच्या टप्प्यात. तिचा संदर्भ पुढे लागेल.

रुग्ण उताणा झोपला की परिस्थिती आणखी बिघडते. फुफ्फुसांच्या तळाचे भाग मिटतात, तिथून जाणाऱ्या रक्ताला ऑक्सिजन मिळत नाही. मोठ्या शरीराची ऑक्सिजनची गरज मुळात जास्त आणि साठा कमी, त्यामुळे श्वासात खंड पडला तर रक्तातला ऑक्सिजन भराभर उतरतो. त्यात अनेकांना झोपेत घसा मिटण्याचा, म्हणजे स्लीप ॲप्नियाचा त्रास असतो, आणि कित्येकांत त्याचे निदान कधी झालेलेच नसते. भुलीच्या किंवा गुंगीच्या औषधांचा अंमल पुरता उतरला नसेल तर नळी निघाल्यावर तोच त्रास उफाळतो.

काही रुग्णांत रक्तातला कार्बन डायऑक्साइड दिवसा, जागेपणीही चढलेला असतो. बीएमआय ३० किंवा अधिक, झोपेतले श्वासाचे विकार आणि जागेपणी कार्बन डायऑक्साइडचा दाब पाऱ्याच्या ४५ मिमीच्या वर, हे तिन्ही जमले आणि दुसरे कारण सापडले नाही तर त्याला स्थूलताजन्य अल्पश्वसन म्हणतात. अशांना नुसता भरपूर ऑक्सिजन दिला की बोटाला लावलेला ऑक्सिमीटर ९८ दाखवून सगळ्यांना निश्चिंत करतो, आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड मात्र गुपचूप चढत राहतो. रुग्ण झोपाळू होतो. सगळ्यांना वाटते, बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

पुन्हा नळी घालावी लागलीच तर तेही सोपे नसते. फ्रान्समधल्या ऑड्री द याँग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये स्थूल रुग्णांत नळी घालण्याच्या प्रसंगांची तुलना केली. शस्त्रक्रियागृहात नळी घालणे अवघड ठरण्याचे प्रमाण ८.२ टक्के होते, आयसीयूत १६.२. जिवावर बेतणारी गुंतागुंत शस्त्रक्रियागृहात १.९ टक्क्यांत झाली, आयसीयूत ४१.३ टक्क्यांत. म्हणूनच दुसऱ्यांदा नळी घालण्याची वेळच येऊ नये, यासाठी एवढा आटापिटा.

हाताशी असलेली तीन साधने

पहिले साधन म्हणजे साधा ऑक्सिजन: नाकात दोन टोकांची नळी किंवा तोंडावर हलका मास्क. स्वस्त, सुटसुटीत, सगळीकडे उपलब्ध. त्याने ऑक्सिजन वाढतो, पण फुफ्फुसे उघडी ठेवायला दाब मिळत नाही.

दुसरे, हाय फ्लो. कोविडच्या काळात हे नाव घराघरांत पोहोचले. गरम आणि ओलसर केलेली हवा मिनिटाला ६० लिटरपर्यंतच्या वेगाने नाकावाटे दिली जाते. घशातली वापरलेली हवा धुऊन निघते, कफ सुटा होतो, थोडा दाबही मिळतो. तोंड उघडे राहिले की तो आणखी कमी होतो. रुग्णाला बोलता येते, चहा पिता येतो. बहुतेकांना हे सोसते.

तिसरे, नळीविना व्हेंटिलेशन. आपल्याकडे सगळे त्याला सरसकट बायपॅप म्हणतात. नाकातोंडावर घट्ट मास्क बांधून यंत्र श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी दाब देते. मिटलेले वायुकोश उघडतात, घसा मिटत नाही, श्वासाच्या स्नायूंचे ओझे हलके होते. स्थूल शरीरात जे जे बिघडते, त्या प्रत्येकावर याचा थेट इलाज आहे. म्हणून कागदावर हेच साधन सरस दिसते.

खाटेजवळ गेले की अडचणी कळतात. भरलेले गाल आणि दाढी यांमुळे मास्क नीट बसत नाही, कडेने हवा निसटते आणि अलार्म वाजत राहतो. सिस्टरने पट्टा आवळला की नाकाच्या उंचवट्यावर लाल वळ उठतो. तो वेळीच पाहून खाली पट्टी लावली नाही तर दुसऱ्या दिवशी कातडी सोलवटते. खोकला आला, थुंकायचे झाले, पाणी हवे झाले की मास्क काढायचा, पुन्हा बांधायचा. काही रुग्ण घाबरतात आणि मास्क ओढून काढतात. अशा वेळी कोणीतरी शेजारी उभे राहून, हात धरून, दाब थोडा कमी करून, हळूहळू सवय करून द्यावी लागते. एका सिस्टरकडे तीन-चार रुग्ण असतील तर हे जमणे कठीण.

पुरावा कसा साचत गेला

सुरुवातीचे संशोधन सगळ्या प्रकारच्या रुग्णांवर होते आणि त्यातून एक महत्त्वाचा धडा मिळाला. नळी काढल्यावर धाप लागलेल्या रुग्णांना तेव्हा बायपॅप लावून उपयोग होतो का, हे आंद्रेस एस्तेबान यांच्या नेतृत्वाखाली आठ देशांतल्या ३७ केंद्रांनी तपासले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत २२१ रुग्ण होते. बायपॅपच्या गटात मृत्यू २५ टक्के झाले, नेहमीच्या उपचारांच्या गटात १४ टक्के. बायपॅप लावलेल्यांत पुन्हा नळी घालायला उशीर झाला होता: मध्यक वेळ १२ तास, दुसऱ्या गटात अडीच तास. तेव्हापासून बिघाड झाल्यावर बायपॅपच्या भरवशावर थांबून राहणे घातक मानले जाऊ लागले, आणि लक्ष प्रतिबंधाकडे वळले: धाप लागण्याआधी, नळी काढल्याबरोबर मास्क लावला तर?

स्थूल रुग्णांपुरते याचे पहिले ठळक उत्तर अमेरिकेतून आले. अली एल-सोल्ह आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये बीएमआय ३५ किंवा त्याहून अधिक असलेल्या ६२ रुग्णांना नळी काढताच ४८ तास बायपॅप दिले आणि पूर्वीच्या नोंदींतल्या तशाच ६२ रुग्णांशी तुलना केली. श्वसन निकामी होण्याचे प्रमाण १६ टक्के अंकांनी कमी झाले. कार्बन डायऑक्साइड चढलेल्यांत मृत्यूही कमी दिसले. मात्र तुलना जुन्या रुग्णांशी होती, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते.

पुढच्या दशकात हाय फ्लो आले आणि चित्र पालटले. ऑस्ट्रेलियात कॉर्ली आणि सहकाऱ्यांनी हृदयशस्त्रक्रिया झालेल्या, बीएमआय ३० च्या वरच्या १५५ रुग्णांत साधा ऑक्सिजन आणि हाय फ्लो यांची तुलना केली. फुफ्फुसाचे भाग मिटण्यात फरक पडला नाही. फ्रान्समध्ये स्तेफान यांच्या चाचणीत हृदय किंवा छातीची शस्त्रक्रिया झालेल्या ८३० रुग्णांत हाय फ्लो बायपॅपपेक्षा कमी ठरले नाही. त्यातल्या स्थूल रुग्णांचा हिशेब नंतर वेगळा काढला, तिथेही दोन्ही साधने सारखीच निघाली. स्पेनमध्ये एर्नांदेस यांच्या २०१६ च्या चाचणीत जोखमीच्या ६०४ रुग्णांपैकी हाय फ्लोवर २२.८ टक्के आणि बायपॅपवर १९.१ टक्के जणांना पुन्हा नळी लागली, आणि संशोधकांनी आधी ठरवलेल्या मर्यादेत हाय फ्लो तोडीस तोड ठरले. जोखमीच्या निकषांत स्थूलता हाही एक होता. बायपॅपच्या ४२.९ टक्के रुग्णांत त्रासामुळे उपचार थांबवावा लागला, हाय फ्लोवर एकाही रुग्णात नाही. कित्येक आयसीयूंनी तेव्हा बायपॅप बाजूला ठेवले.

मग उलट वारे वाहिले. आर्नो तीय यांच्या नेतृत्वाखाली फ्रान्समधल्या ३० आयसीयूंनी २०१९ मध्ये ६४१ जोखमीच्या रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. एका गटाला फक्त हाय फ्लो, दुसऱ्याला आलटून पालटून बायपॅप आणि हाय फ्लो. बायपॅपचा पहिला टप्पा किमान चार तासांचा आणि दिवसाला किमान बारा तास, म्हणजे आधीच्या अभ्यासांपेक्षा भरपूर. सात दिवसांत पुन्हा नळी लागण्याचे प्रमाण १८.२ वरून ११.८ टक्क्यांवर आले. २०२२ मध्ये याच रुग्णांची वजनानुसार फोड केली तेव्हा फायदा कोणाला झाला ते दिसले. जादा वजनाच्या आणि स्थूल रुग्णांत प्रमाण २० वरून ७ टक्क्यांवर आले, आयसीयूतले मृत्यू ९ वरून २ टक्क्यांवर. सामान्य किंवा कमी वजनाच्या रुग्णांत फरक पडला नाही. पण अशा मागाहून केलेल्या फोडीतून शंका किंवा आशा बळावते, निकाल लागत नाही. त्यासाठी खास स्थूल रुग्णांचीच चाचणी हवी होती.

फ्रान्समधली मोठी चाचणी

ती द याँग, सामीर जाबेर आणि सहकाऱ्यांनी केली. ऑक्टोबर २०१९ ते जुलै २०२१ या काळात ३९ आयसीयूंमधले, बीएमआय ३० किंवा अधिक असलेले ९८१ रुग्ण चिठ्ठ्यांनी दोन गटांत विभागले: एका गटाला नळी काढल्यावर बायपॅप, दुसऱ्याला ऑक्सिजन, साधा किंवा हाय फ्लो. निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन दिवसांत उपचार निष्फळ ठरण्याचे प्रमाण बायपॅपवर १३.५ टक्के, ऑक्सिजनवर २६.५ टक्के. रुग्ण पोटाच्या किंवा इतर शस्त्रक्रियेनंतरचा असो वा न्यूमोनियासारख्या आजाराचा, परिणाम तसाच राहिला.

आकडा निम्म्यावर आला खरा. तरी ‘निष्फळ’ म्हणजे काय, ते नीट पाहावे लागते. या शब्दात तीन गोष्टी एकत्र होत्या: पुन्हा नळी घालावी लागणे, एका उपचारावरून दुसऱ्यावर जावे लागणे, किंवा उपचार मुदतीआधी थांबवणे. फरकाचा मोठा हिस्सा दुसऱ्या गोष्टीतून आला. ऑक्सिजन गटातल्या बऱ्याच रुग्णांना पुढे बायपॅप लावावे लागले, आणि तिथेच ते ‘निष्फळ’ मोजले गेले. हे संशोधकांनी स्वतःच स्पष्ट लिहिले आहे, आणि रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाच्या परिणामांत सुधारणा होते असे म्हणायला आणखी पुरावा हवा, असेही म्हटले आहे.

इथे वादाचा गाभा आहे. रुग्ण कोणत्या गटात आहे हे सगळ्यांना दिसत असते. मास्क लावलेले डॉक्टरांना दिसते, तसेच ऑक्सिजनवर ठेवलेल्याला जरा धाप लागली की मास्क लावण्याचा मोह किती होतो, तेही त्यांना ठाऊक असते. म्हणजे मोजलेल्या घटनेत थोडा वाटा आजाराचा आणि थोडा वाटा डॉक्टरांच्या निर्णयाचा असू शकतो.

तीन भूमिका

पहिल्या भूमिकेचे लोक म्हणतात, बीएमआय ३० च्या वर असेल तर नळी काढताच सगळ्यांना बायपॅप लावा. शरीराची यांत्रिकी त्यांच्या बाजूने आहे, एल-सोल्हपासून द याँगपर्यंतचे आकडे एकाच दिशेने जातात, आणि उपचार बदलावा लागणे हीसुद्धा खरी घटना आहे: कोणीतरी धाप लागलेला पाहिला म्हणूनच तो बदलला गेला. बिघाड होऊ देऊन मग धावाधाव करण्यापेक्षा आधीच आधार देणे शहाणपणाचे, असा त्यांचा युक्तिवाद.

दुसरी भूमिका निवडकपणाची. हाय फ्लो सगळ्यांना द्या. बायपॅप ज्यांना खरी गरज आहे त्यांना ठेवा. म्हणजे कार्बन डायऑक्साइड चढलेले, आधीपासून स्लीप ॲप्निया असलेले, हृदय कमजोर असलेले, खूप जास्त बीएमआयचे रुग्ण. मास्कचा त्रास, त्वचेच्या जखमा, मनुष्यबळाचा ताण हे सगळे खर्चच आहेत, आणि स्पेनमधला अनुभव सांगतो की जवळपास निम्म्या रुग्णांना बायपॅप नीट सोसत नाही.

तिसरी भूमिका थांबून पाहण्याची. आधी ऑक्सिजन किंवा हाय फ्लो, पण डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची आणि पहिली चिन्हे दिसताच मास्क लावायचा. फ्रान्सच्या चाचणीत ऑक्सिजनवरून बायपॅपवर गेलेल्यांकडे बोट दाखवून हे लोक विचारतात: सगळ्यांना आधीच मास्क लावून किती जणांची नळी खरोखर टळली? यावर पहिल्या भूमिकेवाले एस्तेबान यांच्या २००४ च्या चाचणीची आठवण करून देतात. मात्र त्या चाचणीतले रुग्ण खास स्थूल नव्हते, हेही तितकेच खरे.

मार्गदर्शिका काय म्हणतात

युरोपियन आणि अमेरिकन श्वसन संघटनांची २०१७ ची संयुक्त मार्गदर्शिका जोखमीच्या रुग्णांत प्रतिबंधक बायपॅप सुचवते, सरसकट सगळ्यांना देऊ नका म्हणते, आणि बिघाड झाल्यावर उपचार म्हणून त्यावर विसंबू नका म्हणते. युरोपियन संघटनेने २०२२ मध्ये हाय फ्लोवर काढलेल्या मार्गदर्शिकेतही जोखीम जास्त असेल आणि अडचण नसेल तर हाय फ्लोपेक्षा बायपॅपला पसंती आहे. इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिनच्या २०२० च्या मार्गदर्शिकेतही जोखमीच्या रुग्णांत प्रतिबंधक वापराला जागा आहे. ही सगळी कागदपत्रे फ्रान्सच्या चाचणीच्या आधीची आहेत. आता त्यांत नुसती स्थूलता ‘जोखीम’ म्हणून पुरेशी धरायची का, हे ठरायचे आहे.

भारतीय रुग्णाला तीसची रेषा लागू पडते का?

हा प्रश्न आपल्याकडे टाळता येत नाही. पाच फूट सात इंच उंचीच्या माणसाचा बीएमआय ३० होतो तो साधारण ८७ किलोला. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये मान्य केलेल्या निकषांनुसार मात्र २५ लाच, म्हणजे ७२ किलोच्या आसपास, स्थूलता सुरू होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष या २५ च्या रेषेवर किंवा तिच्या पुढे होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले होते: दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के.

मधुमेह आणि हृदयविकाराच्या संदर्भात हा मुद्दा आता सर्वमान्य आहे. फुफ्फुसांबाबत तो तसाच लागू पडतो का? दोन गोष्टी तशी शक्यता सुचवतात. शिल्लक हवेची वेगवान घसरण जादा वजनाच्या टप्प्यातच सुरू होते, आणि तीय यांच्या २०२२ च्या फोडीत जादा वजनाचे, म्हणजे २५ ते ३० मधले रुग्णही फायदा झालेल्या गटात मोजले होते. पण शक्यता म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय आयसीयूत बीएमआय मोजणे हेच कठीण: उंची अंदाजाने, वजन नातेवाइकांना विचारून, आणि सलाइनमुळे अंगावर चढलेली सूज वेगळी. पोटाचा घेर किंवा पोटातला दाब हे अधिक नेमके माप ठरेल का, हेही तपासायला हवे.

साधनसामग्रीचा हिशेबही इथे वेगळा आहे. हाय फ्लो ६० लिटरवर आणि पूर्ण ऑक्सिजनवर चालवले तर तासाला ३६०० लिटर लागतात. सुमारे ७००० लिटरचा मोठा सिलिंडर दोन तास पुरत नाही. नळी काढल्यावर सहसा एवढा ऑक्सिजन लागत नाही, तरी पाइपलाइन नसलेल्या छोट्या रुग्णालयाला हे गणित मांडावेच लागते. बायपॅपला ऑक्सिजन कमी पुरला तरी माणसे जास्त लागतात.

अजून न सुटलेले

वेळ किती द्यायचा, हे ठरलेले नाही. स्पेनच्या चाचणीत आधार २४ तासांचा होता, तीय यांच्या २०१९ च्या चाचणीत ४८ तास आणि दिवसाला किमान बारा तास. फायदा दिसण्या-न दिसण्यामागे साधनापेक्षा ही मात्रा असू शकते. दाब किती द्यायचा, मधल्या वेळात साधा ऑक्सिजन पुरेल की हाय फ्लो हवे, याचीही ठाम उत्तरे नाहीत.

नळी काढण्याआधीची परीक्षाही वादात आहे. व्हेंटिलेटरचा थोडा आधार ठेवून घेतलेल्या चाचणीत स्थूल रुग्ण सहज पास होतो आणि आधार निघताच कोलमडतो. फ्रान्समधल्या १७ अतिस्थूल रुग्णांच्या २०१६ च्या अभ्यासात टी-पीसवर (यंत्र काढून, नळीतून नुसता ऑक्सिजन देऊन) किंवा यंत्राचा दाब शून्य ठेवून घेतलेली चाचणीच नळी निघाल्यानंतरच्या श्रमाचा खरा अंदाज देत होती. मोठ्या अभ्यासांत परीक्षेची पद्धत आणि नंतरचा आधार यांचा एकत्र विचार क्वचितच झाला आहे.

घरी गेल्यावर काय, हा प्रश्न बहुतेक चाचण्यांच्या मुदतीपलीकडचा. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीची २०१९ ची मार्गदर्शिका स्थूलताजन्य अल्पश्वसनाचा संशय असलेल्या रुग्णाला घरी बायपॅप देऊनच सोडावे आणि शक्यतो तीन महिन्यांच्या आत झोपेची तपासणी करावी, असे सुचवते. रक्तातले बायकार्बोनेट २७ किंवा अधिक असेल तर या विकाराचा शोध घ्यावा, असेही तिच्यात आहे. ही तपासणी कुठल्याही तालुक्याच्या प्रयोगशाळेत होते, पण तिचा अर्थ त्या अंगाने लावला जातोच असे नाही.

सगळे एकत्र पाहिले तर काही गोष्टींवर आता फारसे दुमत नाही. स्थूल रुग्णाला नळी काढताना डोके उंच करून बसवावे. नुसत्या ऑक्सिमीटरवर विसंबून न राहता कार्बन डायऑक्साइडही तपासावा. तो चढलेला असेल तर मास्क लावायला वेळ घालवू नये. आणि बायपॅपवर असतानाही बिघडत गेला तर पुन्हा नळी घालण्याचा निर्णय लांबवू नये. कार्बन डायऑक्साइड सामान्य असलेल्या, बीएमआय ३२ च्या, नीट खोकू शकणाऱ्या रुग्णाला सरसकट मास्क हवा की हाय फ्लो पुरेल, इथे मात्र मते विभागलेली आहेत, आणि उपलब्ध पुरावा दोन्ही बाजूंना थोडा थोडा पुरतो. पुढच्या चाचणीने उपचार बदलण्याची गणना बाजूला ठेवून पुन्हा लागलेली नळी, मृत्यू, आयसीयूतले दिवस आणि रुग्णाला झालेला त्रास एवढेच मोजले, आणि तिच्यात बीएमआय २५ ते ३० मधले भारतीय रुग्णही घेतले, तर या वादातला मोठा भाग निकाली निघेल.